फौजेची भरती आणि आपल्या घरचा हिशेब



ऊस, पाणी, खत आणि तोडणी यांपलीकडे आपल्या अंकात फारसे काही वाचायला मिळत नाही, अशी काही सभासदांची तक्रार असते. ती खोटी नाही. म्हणून या खेपेस आम्ही जो विषय घेतला आहे तो बांधावरचा नसला तरी आपल्या घरातलाच आहे. तो म्हणजे फौजेच्या भरतीचा.

पहाटे पाचच्या सुमारास धुळ्याहून साक्रीकडे, शिरपूरकडे किंवा पारोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागावे. अंधारात पोरं पळताना दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. हातात मोबाईल, त्यात मिनिटे मोजणे चालू. ही पोरं कुणाची? आपलीच. ज्याच्या बापाचा दोन एकर ऊस तीन भावांत वाटला गेला, ज्याची विहीर फेब्रुवारीतच बसते, ज्याच्या तालुक्यातल्या कारखान्याचे धुराडे थंड पडून वर्षे झाली, त्या घरातली ही पोरं. गावात कुणी म्हातारा छाती काढून सांगतो, "मना पोऱ्या फौजमा शे." त्या एका वाक्यात केवढा मान आहे हे खानदेशी माणसाला वेगळे सांगायला नको. सोयरीक जुळायलाही तेच वाक्य कामी येते.

आता गंमत अशी की एकीकडे ही एवढी पोरं पळत आहेत आणि दुसरीकडे वर्तमानपत्रांत येते की सैन्यात माणसे कमी आहेत. हे कसे काय? माल बाजारात पडून आहे आणि गिऱ्हाईकही रिकाम्या हाताने परत जाते, असे कसे होईल? या कोड्याचा उलगडा करावा, आणि त्यातून आपल्या घरापुरता काय बोध घ्यायचा तो घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माणसे कमी कशी पडली

आधी आकडे पाहू. भारतीय लष्करात जवान व कनिष्ठ अधिकारी यांची मंजूर पदे ११,९७,५२० आहेत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रत्यक्ष हजर होते ११,०५,११०. म्हणजे ९२,४१० जागा रिकाम्या. अधिकाऱ्यांची मंजूर पदे ५०,५३८ आणि १ जुलै २०२४ रोजी हजर ४२,०९५. म्हणजे दर सहा खुर्च्यांपैकी एक मोकळी.

आता दुसरी बाजू. २०२२ साली हवाई दलाने सुमारे ३,००० अग्निवीरांसाठी अर्ज मागविले, तर ७,४९,८९९ अर्ज आले. एका जागेला अडीचशे उमेदवार. तेव्हा इच्छुकांचा तुटवडा हे काही कारण नव्हे.

खरे कारण ऊस पिकविणाऱ्याला चटकन समजेल. २०१९-२० या वर्षात लष्कराने ८०,५७२ जवान भरती केले. पुढे कोरोनामुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ ही दोन्ही वर्षे भरती बंद राहिली. पण निवृत्ती थोडीच बंद राहते? दरवर्षी साठ हजारांच्या आसपास जवान पेन्शनीत निघतच होते. म्हणजे तोड चालू राहिली आणि लागण दोन हंगाम चुकली. त्यानंतर २०२२ मध्ये भरती उघडली ती तिन्ही दलांची मिळून ४६,००० जागांची. त्यांतल्या ४०,००० लष्कराच्या. निघणारे साठ हजार आणि येणारे चाळीस हजार असतील, तर खळगा भरायचा कसा?

या दोन वर्षांत आपल्या भागातले नुकसान आणखी वेगळे झाले. जे पोरगे १९ वर्षांचे असताना तयार होते ते २१ वर्षांचे होऊन बसले. मैदान मारलेले, कागद तयार, पण परीक्षाच नाही. २०२२ मध्ये सरकारने त्या एका वर्षापुरती वयाची मर्यादा २३ केली, तेव्हा काहींचे साधले. काहींचे राहून गेले ते कायमचेच.

जुनी गोष्ट : धरणगावचे भिल्ल दल

भरती करणे आणि भरती झालेला माणूस टिकविणे ही दोन निराळी कामे आहेत. खानदेशाने हे दोनशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. पण सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतले भिल्ल काही त्यांच्या हाती येईनात. फौजा पाठविल्या, माणसे मारली, उपयोग झाला नाही. अखेर १८२५ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, वेगळा उपाय ठरला. भिल्लांमधूनच एक दल उभे करायचे. हे काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले आणि दलाचे ठाणे झाले आपल्या धरणगावी.

पहिली अडचण भरतीची. सरकारावर भिल्लांचा काडीचाही भरवसा नव्हता, आणि का असावा? औट्रम त्यांच्या वस्त्यांवर गेला, त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. मूठभर माणसे आली. ती टिकली, तशी बाकीची आली. दोन वर्षांत शेकड्यांनी भरती झाली. औट्रम १८३५ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे, या दलाबरोबर राहिला.

माणसे टिकली ती कशाने? एक तर नोकरी मुख्यतः आपल्याच मुलखात होती. घरदार, डोंगर, देव सोडून मुलूखभर भटकणे नव्हते. दुसरे म्हणजे साहेब बदलत नव्हता. आणि तिसरे, आपल्याला माणूस म्हणून वागवितात हे पटले होते.

हे दल काही आपल्या भल्यासाठी उभारलेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. भिल्लांच्या हातून भिल्लांनाच आवरायचा तो डाव होता. १८५७-५८ मध्ये सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. हा खाज्या नाईक कोण? पूर्वी सेंधवा घाटाच्या रखवालीवर इंग्रजांच्याच चाकरीत असलेला माणूस. कालचा रखवालदार आज समोर उभा राहिला. माणूस पगाराने येतो, पण नुसत्या पगाराने राहत नाही, हे त्या साहेबालाही तेव्हा कळले असेल.

पुढे इंग्रजांनी लष्करभरतीसाठी 'लढवय्या जाती' असे खूळ काढले. मराठा पलटणींची भरती रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूला जास्त. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडले. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. महार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या पलटणी गाजविल्या, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरतीच बंद करून टाकली. पुढे १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. खानदेश या सगळ्यात कडेलाच राहिला. तेव्हा आपल्याकडे फौजेची परंपरा पातळ आहे ती पोरांत दम नाही म्हणून नव्हे. भरतीवाला या गावांना फारसा आलाच नाही.

सतरा वर्षे की चार वर्षे

स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी भरती झाली १९६२ च्या चीन युद्धानंतर. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि लष्कर सव्वाआठ लाखांपर्यंत वाढविण्याचे ठरले. अधिकारी कमी पडले म्हणून तातडीचे कमिशन देऊन हजारो तरुण घेतले गेले. निकड सरली तसे त्यांतल्या पुष्कळांना काही वर्षांनी मोकळे केले. ऐन तिशीत पुन्हा नोकरी शोधत फिरण्याची पाळी त्यांच्यावर आली. म्हणजे हा प्रश्न आजचा नव्हे.

जवानाची गोष्ट अशी. पूर्वी थोडी वर्षे प्रत्यक्ष नोकरी आणि मग राखीव दल, अशी रीत होती. १९७६ पासून प्रत्यक्ष नोकरी १७ वर्षांची झाली. १५ वर्षे झाली की पेन्शन पक्की. अठराव्या वर्षी गेलेला पोरगा पस्तिशीत पेन्शन घेऊन घरी येई आणि शेतीला, पोरांच्या शाळेला हातभार लागे. आपल्या गावातले जे जुने फौजी आहेत ते बहुतेक या रीतीचे.

यात सरकारच्या दोन अडचणी होत्या. जवानांचे सरासरी वय वाढून ३२ वर गेले. उंच डोंगरावर लढायला हे वय जास्त. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या समितीने २००० साली सांगितलेच होते, की १७ वर्षांऐवजी ७ ते १० वर्षेच नोकरी ठेवा आणि मग त्या जवानांना निमलष्करी दलांत घ्या. दुसरी अडचण पेन्शनच्या खर्चाची. २०२२-२३ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ५.२५ लाख कोटी रुपये होते. त्यांतले सुमारे १.१९ लाख कोटी नुसत्या पेन्शनचे.

या दोन्हींवर तोड म्हणून १४ जून २०२२ रोजी 'अग्निपथ' योजना जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची, प्रशिक्षण धरून. चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम, बाकीचे घरी. ऊसवाल्याच्या भाषेत सांगायचे तर पूर्वी एका लागणीवर खोडव्यामागून खोडवा घेत होते. आता लागणीचा चौथा हिस्साच खोडव्याला ठेवायचा आणि बाकीचे रान मोकळे करायचे. रान मोकळे झाले हे ठीक, पण त्या मोकळ्या झालेल्या पोराने पुढे काय पेरायचे हा प्रश्न उरतो.

चार वर्षांचा हिशेब

आपण सभासद काट्यावरची पावती दोनदा तपासून पाहतो. तशीच ही पावतीही तपासू. जाहीर झालेल्या योजनेतले आकडे असे :

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के 'सेवा निधी'साठी कापले जातात. म्हणून हातात येतात अनुक्रमे २१,०००, २३,१००, २५,५५० आणि २८,०००. चार वर्षांत हातात पडलेली रक्कम ११,७१,८०० रुपये होते. खडतर भागातला भत्ता वेगळा. जेवण, कपडे, राहणे सरकारचे.

कापलेली रक्कम चार वर्षांत होते ५,०२,२०० रुपये. तेवढीच सरकार घालते. दोन्ही मिळून दहा लाख चार हजार. व्याजासह साधारण ११.७१ लाख, आणि त्यावर आयकर नाही. जो २५ टक्क्यांत कायम होतो त्याला सरकारचा हिस्सा मिळत नाही, फक्त स्वतःचा कापलेला पैसा व्याजासह मिळतो. त्याची पुढे किमान १५ वर्षांची नोकरी नव्याने सुरू होते. जो घरी येतो त्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, लष्करी कँटीन व दवाखान्याची सवलत नाही, आणि 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. हे शेवटचे बारकाईने वाचावे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी जो १५ टक्के राखीव हिस्सा आहे तो या दर्जावर अवलंबून असतो.

विमा ४८ लाखांचा आहे आणि त्याचा हप्ता जवानाच्या पगारातून कापला जात नाही. कर्तव्यावर मृत्यू आला तर त्याशिवाय ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवा निधी मिळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला कर्तव्यावर असताना आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर गेला. तेव्हा हे सगळे देशभर चर्चेत आले. एकरकमी पैसा मिळतो ही गोष्ट खरी. पण पूर्वीच्या जवानाच्या घरी दरमहा पेन्शन येते तशी या घरी येत नाही, हा फरकही तेव्हाच सगळ्यांना कळला. अपंगत्व आले तर प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख मिळतात.

हा सौदा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या हाती अकरा लाख आणि अंगात शिस्त, हे कमी नव्हे. शेतात चार वर्षे राबून तेवढे शिल्लक टाकणारा आमच्या पाहण्यात विरळाच. पण ही कायमची नोकरी आहे असे समजून जो पोरगा आणि जो बाप चालेल, त्याची फसगत होईल.

लष्कराची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. तेव्हा हा प्रश्न कुठल्या दूरच्या काळाचा नाही, दाराशी आलेला आहे. केंद्रीय निमलष्करी दलांत शिपाईपदाच्या १० टक्के जागा अग्निवीरांसाठी ठेवण्याचे आणि त्यांना वयात सवलत देण्याचे २०२२ मध्येच जाहीर झाले. ज्यांच्या घरचा पोरगा आज फौजेत आहे त्यांनी तिसऱ्या वर्षापासूनच या जाहिरातींवर डोळा ठेवावा.

माणूस टिकत का नाही

भरतीपेक्षा अवघड काम टिकविण्याचे, असे वर म्हटले. पेन्शन पक्की झाली की लगेच घरी येणारे जवान गावोगाव आहेत. त्यांची कारणे ऐकली तर लष्करातली थोडी आणि घरातली जास्त निघतात. पोरांची शाळा दर तीन वर्षांनी बदलते. आई-बाप थकले. आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे जमीन. भाऊ फौजेत म्हटल्यावर बांध कोरणारे शेजारी कमी नाहीत, आणि शेजारीच कशाला, सख्खेही कमी नाहीत. तिकडे सीमेवर माणूस उभा आणि इकडे सातबाऱ्यावर भलतेच नाव. मग मन कसे लागावे?

इथे दोन गोष्टी सभासदांना माहीत असाव्यात. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५ हा कायदा आजही आहे. जवान युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत तैनात असेल तर त्याच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दावा चालू नये, तहकूब व्हावा, अशी तरतूद त्यात आहे. आणि मुंबई कुळवहिवाट कायद्यात फौजेत असलेल्या किंवा असून गेलेल्या जमीनमालकांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. काही वाद असेल तर आधी धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. ते कार्यालय नुसते ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला पैसे गोळा करण्यासाठी नाही.

अधिकाऱ्यांच्या रिकाम्या खुर्च्यांचे कारण निराळे. निवड कडक आहे आणि ती सैल करायची नाही असे लष्कराचे धोरण आहे. ते योग्यच. पण इंजिनियर झालेल्या पोराला शहरातली कंपनी बसल्याजागी पगार देते, मग तो सियाचीनला का जाईल? अल्पमुदतीच्या कमिशनवर गेलेला अधिकारी १० ते १४ वर्षांनी पेन्शनशिवाय बाहेर पडतो, कारण अधिकाऱ्याची पेन्शन २० वर्षांनी लागते. वर जाताना पदे निमुळती होत जातात, आणि बढती हुकलेला माणूस चाळिशीत बाहेरची वाट धरतो.

जगात काय चालले आहे

हा त्रास आपल्याच देशाला आहे असे नाही. अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची भरती बंद आहे. २०२२ साली त्यांच्या लष्कराला ६०,००० माणसे हवी होती, मिळाली ४५,०००. दुसऱ्या वर्षीही तूट आलीच. मग त्यांनी काय केले? अभ्यासात किंवा वजनात थोडक्यात नापास होणाऱ्या पोरांसाठी भरतीपूर्वीचा तयारीवर्ग काढला. अट सैल केली नाही, पोराला अटीपर्यंत आणले. २०२४ मध्ये त्यांचे उद्दिष्ट पुरे झाले. जपानला २०२३-२४ मध्ये १९,५९८ माणसे हवी होती, मिळाली ९,९५९, निम्मीच. तिकडे पोरंच कमी जन्मतात. त्यांना माणूस मिळत नाही. आपल्याकडे माणूस आहे आणि जागा थोड्या. रोग वेगळे आहेत, तेव्हा औषधही एक असणार नाही. पण तयारीवर्गाची गोष्ट आपल्याला घेण्यासारखी आहे.

तयारी कशी असावी

आमच्या भागातला पोरगा पळण्यात मागे पडत नाही. तो कागदात आणि डॉक्टरी तपासणीत पडतो. म्हणून खालील गोष्टी घरात मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

१) २०२३ पासून आधी संगणकावरची लेखी परीक्षा आणि नंतर मैदान, असा क्रम आहे. पूर्वी उलटा होता. नुसता पळणारा आता दारातच अडतो. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. गणित आणि सामान्य विज्ञान दहावीपर्यंतचे पक्के करावे.

२) जनरल ड्यूटीसाठी दहावी, एकूण ४५ टक्के व प्रत्येक विषयात ३३ लागतात. उंची १६८ सें.मी.; आदिवासी उमेदवारांना १६२ पर्यंत सवलत आहे. साक्री, शिरपूर, नंदुरबारकडच्या भिल्ल, पावरा, कोकणी, मावची समाजातील कितीतरी पोरं उंचीच्या भीतीने अर्जच भरीत नाहीत. त्यांना हे आवर्जून सांगावे. जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवावा.

३) छाती ७७ सें.मी. आणि फुगवून ५ सें.मी. जास्त. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारले आणि दहा पुलअप्स काढले तर पूर्ण गुण. वय साडेसतरापासून, वरची मर्यादा त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी. उमेदवार अविवाहित हवा. तेव्हा घाईने लग्न उरकू नये.

४) सपाट तळवे, गुडघे घासणे, पायाच्या फुगलेल्या शिरा, किडके दात, कानातला मळ यांवर पुष्कळ पोरं बाद होतात. काहींवर आधी इलाज होतो. वर्षभर आधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे. अंगावर गोंदवून घेऊ नये.

५) धुळे व नंदुरबारची भरती आजवर मुंबईच्या भरती कार्यालयाकडे आणि जळगावची औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कार्यालयाकडे राहिली आहे. २०२२ च्या मेळाव्याला आपली पोरं मुंब्र्याला गेली. अर्ज भरताना जिल्हा बरोबर निवडावा.

६) "साहेब ओळखीचा आहे, पैसे द्या" असे म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नये. लष्करात पैसे देऊन निवड होत नाही. जातो तो पैसा, आणि कधी कधी जमीनही.

७) कॉलेजात असताना एन.सी.सी. करावी. प्रमाणपत्राचे जादा गुण मिळतात.

८) दुसरी वाट उघडी ठेवावी. पोलीस भरतीलाही १,६०० मीटरच धावावे लागते. शिपायाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात २१,७०० पासून सुरू होते आणि ती नोकरी कायम आहे. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. एकाच मेहनतीवर दोन्ही परीक्षा द्याव्यात. वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणींतली शिकाऊ उमेदवारीही विसरू नये.

अधिकारी का होऊ नये?

आमची खरी कळकळ इथे आहे. खानदेशातला बाप पोराला शिपाई करण्याचे स्वप्न पाहतो, लेफ्टनंटचे पाहत नाही. आणि रिकाम्या खुर्च्या तर तिथेच आहेत. खडकवासल्याची एन.डी.ए. आपल्या राज्यात, पण तिच्यात मराठी पोरं कमी, हे पाहूनच महाराष्ट्र सरकारने १९७७ साली औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर तिथे प्रवेश मिळतो. देशातली पहिली सैनिक शाळाही आपल्याच राज्यात, सातारला, २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. नाशिकरोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. लेखी परीक्षा पास झालेल्यांची मुलाखतीची तयारी तिथे राहून-खाऊन विनामूल्य करून घेतात. धुळ्याहून नाशिक किती लांब? चार तासांचे अंतर. तरी आपल्याकडून जाणारे थोडे.

आणि मुलींचे काय? एन.डी.ए.त २०२२ साली पहिल्यांदा मुली घेतल्या. ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीने बाहेर पडल्या. मिलिटरी पोलिसांत महिला जवानांची पहिली तुकडी, ८३ जणींची, मे २०२१ मध्ये दाखल झाली. मुलींसाठी सेवापूर्व संस्था नाशिकला २०२३ मध्ये उघडली. पहाटेच्या अंधारात आता आपल्या पोरीही पळू लागल्या आहेत. त्यांना हसू नये. त्यांच्यासाठी रस्त्यावर एक दिवा लावावा.

परत येणाऱ्यांसाठी

राहता राहिला प्रश्न चार वर्षांनी परत येणाऱ्यांचा. त्यांच्या सेवा निधीवर सगळ्यांत आधी नजर जाते ती घरच्यांची. बोअर मारू, ट्रॅक्टर घेऊ, बहिणीचे लग्न उरकू. अकरा लाखांचा ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि दोन वर्षांनी डिझेलला पैसे नसतात, हे आपण पाहिलेले आहे. आमची विनंती अशी की त्या रकमेचा निम्मा भाग तरी पोराच्या पुढच्या शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी बाजूला ठेवावा. तो पैसा त्याने बर्फात उभे राहून मिळविलेला आहे. खर्चाचा निर्णयही त्याचाच असावा.

आणि सहकाराचेही काही कर्तव्य आहे. कारखाने, दूध संघ, बाजार समित्या, पतसंस्था यांना शिस्तीची, यंत्रावर हात बसलेली, वेळेवर येणारी माणसे हवीच असतात. वाहन चालविणे, वायरलेस, वीज, दुरुस्ती असे काही ना काही शिकून ही पोरं येतील. त्यांना नुसते फाटकावर काठी देऊन उभे करू नये. कोण काय शिकून आला याची गावोगाव यादी करावी आणि पोटनियमांत बसेल तिथे त्यांचा आधी विचार व्हावा, असे आम्हांला वाटते. हा विषय सभासदांनी वार्षिक सभेत जरूर मांडावा.

आपल्या गटातील जे सभासद स्वतः फौजेत होते किंवा ज्यांची मुले आज नोकरीवर आहेत, त्यांनी आपले अनुभव शेतकी विभागाच्या गट कार्यालयात लिहून द्यावेत. अडचणी, चुकलेल्या तारखा, लागलेले कागद, सगळे लिहावे. पुढच्या पोराला त्याचा उपयोग होईल.